बर्फाच्या टबाभोवती

आमच्या घरी दोन एसी आहेत आणि दोन्ही चांगले चालतात. तरी मे महिना लागला की मी गच्चीवरच्या खोलीतला जुना लोखंडी कूलर खाली आणायला लावते आणि त्यावरून दरवर्षी घरात भांडण होतं. माझा नवरा अविनाश बँकेत आहे. तो भांडतोसुद्धा हळू आवाजात, समोर काउंटरची काच असल्यासारखा. मुलगा ओजस लखनौतच वाढलेला. मी त्याला मराठीत झापते आणि तो मला हिंदीत समजावतो. यंदा त्याने विचारलं की मम्मी, ये कूलर है या ट्रॅक्टर. मी म्हटलं, ट्रॅक्टर तर ट्रॅक्टर, तू आधी त्याचं ते टोक उचल.

मग आम्ही तिघांनी मिळून तो जिन्यावरून उतरवला. वळणावर अविनाश म्हणाला ‘थांबा’, ओजस म्हणाला ‘हाँ हाँ, आने दो’ आणि मी दोघांवर एकदम ओरडले. कूलर खाली आला, पण भिंतीचा चांगला हातभर पोपडा घेऊन आला. अविनाश पोपड्याकडे बघत बसला आणि मला हसू आवरेना. सैन्यातल्या नर्सिंग सेवेत मी उभं आयुष्य काढलं. जड माणसं उचलणं हा माझा धंदा होता म्हणा ना. आणि घरच्या तीन माणसांना एक कूलर धड उतरवता येत नाही.

निशातगंजच्या बाजारातून मी कूलरसाठी खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, नव्या ताट्या आणते. त्या बसवल्या, टाकीत पाणी भरलं, बटण दाबलं की आधी एक गरम, धुळकट हवा अंगावर येते. मग हळूहळू खस भिजते आणि तो ओला, मातकट, गोडसर वास घरभर पसरतो. तो वास आला की मी वृंदावन योजना या वसाहतीतल्या आमच्या घरात राहतच नाही. हातातली भाजी तशीच ठेवून मी छावणीतल्या त्या खोलीत जाऊन उभी राहते. समोर बर्फाचा टब असतो, टबाभोवती माझी माणसं असतात आणि कोपऱ्यात असाच एक कूलर कानठळ्या बसवत असतो.

मी मूळची मिरजेची. उन्हाळा मला नवा नव्हता. पण लखनौच्या उन्हाळ्याबद्दल इथली माणसं जरा अदबीने बोलतात. ‘लू चल रही है’, उन्हाच्या झळा सुटल्यात, असं सांगताना त्यांचा आवाज खाली येतो, दारात कुणी मोठा माणूस येऊन उभा राहिल्यासारखा. छावणीतल्या एका लहानशा लष्करी रुग्णालयात माझी बदली झाली तेव्हा मी मेजर होते. जवळच जवानांचं प्रशिक्षण केंद्र होतं. तिथली पोरं पहाटेपासून धावायची, परेड करायची आणि ऊन चढलं की एखादा कोसळायचा. लू लागलेल्या माणसाचं अंग तव्यासारखं तापतं, तो असंबद्ध बडबडायला लागतो. त्याला औषधाच्या आधी बर्फ लागतो. आख्खा माणूस गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात उतरवायचा आणि तोही ताबडतोब. उशीर झाला की आतले अवयव एकेक करून हात टेकतात.

त्या उन्हाळ्यात आमच्या हातात असा एक माणूस आला. चांगला धिप्पाड, आमच्या ओळखीचा, आदल्याच महिन्यात आमच्याबरोबर पोट धरून हसलेला. तो जगतो की जातो हे आम्ही काही जण एका वेळी हलतो की नाही यावर येऊन ठेपलं होतं. आता पुस्तकात टीमवर्क वगैरे शब्द वाचले की मला ती दुपार आठवते. पण दुपारपर्यंत पोचायच्या आधी आमची फजिती सांगायलाच हवी, कारण आम्ही शिकलो ते त्या फजितीतून.

आमचे कर्नल साहेब मेडिसिनचे डॉक्टर, पंजाबी, उंच, घाईघाईने चालणारे. उन्हाळा सुरू व्हायच्या आधी त्यांनी एक खोली मोकळी करून घेतली. तिथे फायबरचा लांबट टब आला, बर्फाच्या पेट्या आल्या, कूलर आला. त्या खोलीला सगळे लू-रूम म्हणू लागले. मग साहेबांनी फर्मान काढलं की रोज सराव करायचा. रुग्ण म्हणून मेसचा आचारी उभा राहिला, म्हणजे आडवा झाला. तो बिचारा भट्टीपुढे भाजून निघायचा, त्याला थंड पाण्यात फुकट डुंबायला मिळत होतं. तो एवढा खूश होता की सरावाला आमच्या आधी हजर असायचा.

आम्ही त्याला चादरीवर घेतला. एका बाजूला साहेब आणि मी, दुसऱ्या बाजूला हवालदार मिश्रा, डोक्याशी आमची लेफ्टनंट जिन्सी, आणि पायाशी रामदुलारी. मिश्रा म्हणजे आमचे नर्सिंग असिस्टंट, मिशी पिळलेले, कामाला वाघ. रामदुलारी वॉर्ड सहायिका, इथलीच, तोंडाने माझ्याइतकीच फटकळ. साहेब म्हणाले, तीनवर उचलायचं. आणि मोजायला लागले. एक म्हणताक्षणी मिश्रांची बाजू वर गेली. तीन म्हटल्यावर साहेबांची बाजू वर गेली. मी आणि जिन्सी, आम्ही नर्सिंग कॉलेजात तीननंतर श्वास घेऊन उचलायला शिकलेल्या, त्या सगळ्यात शेवटी. तोवर आचारी गडगडत टबात गेला होता आणि डोकं वर काढून विचारत होता की फिर से करें क्या.

कसचं काय, पुन्हा केलं तरी तेच. मिश्रा शपथेवर सांगत होते की आपलं बरोबर आहे. आणि त्यांचं बरोबरच होतं, हे मला नंतर कळलं. परेडच्या मैदानावर हुकूम सुटला की मोजतात ते ‘एक, दो-तीन, एक’ असं. हालचाल होते ती एकवर. दोन-तीन म्हणजे मधली विश्रांती. आयुष्याची उमेदीची वर्षं ज्याने एकवर पाय आपटलाय त्याचे हात तीनपर्यंत थांबणार कसे? ते हात त्याचे राहिलेलेच नसतात, ड्रिल शिकवणाऱ्या उस्तादाचे झालेले असतात. डॉक्टर, नर्स आणि जवान, तिघे एकाच सैन्यातले, एकच वर्दी घातलेले, आणि तीनपर्यंत मोजण्यावर आमचं एकमत होत नव्हतं.

मग मला एक झकास कल्पना सुचली, असं मला तेव्हा वाटलं. खूप माणसांना एका वेळी हलवण्यात जो तरबेज आहे त्यालाच बोलवावं. प्रशिक्षण केंद्रात नायब सुभेदार रईस म्हणून ड्रिलचे उस्ताद होते. मलिहाबादच्या बाजूचे, सहा फुटांच्या वर, छाती अशी की दारातून आले की खोलीतला उजेड कमी व्हायचा. सैन्यात सुभेदाराला सगळे साहब म्हणतात, म्हणून ते रईस साहब. त्यांचा आवाज आमच्या रुग्णालयापर्यंत रोज सकाळी ऐकू यायचाच. ते आले, टबाभोवती फेरी मारली, आचाऱ्याच्या पोटाकडे एकवार बघितलं आणि हुकूम सोडला. काय सांगू, आम्ही एका झटक्यात उचललं. साहेबांसकट. मला वाटतं त्या आवाजाने टबसुद्धा जागचा हलला असता.

रईस साहब आणि माझी गट्टी लगेच जमली. मोठ्या आवाजाच्या माणसांची जमतेच. चहा पिताना ते मला म्हणाले की मॅडम, आवाज़ तो आपकी भी परेड ग्राउंडवाली है. मी ते दिवसभर मिरवलं, संध्याकाळी घरी अविनाशलाही सांगितलं. अविनाश म्हणाला, यासाठी उस्ताद कशाला हवे होते, मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सांगतोय. असो. रईस साहबांनी सराव करून घेतला तेव्हा आम्ही अगदी घड्याळासारखे चाललो, आणि ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा आचारी पाण्यात तिरका. त्यांना निरोप पाठवला तर हसत म्हणाले की मैं रोज़ थोड़े ही आऊँगा. खरंच होतं. आम्ही त्यांचा आवाज असेपर्यंत एक झालो होतो. आवाज मैदानावर परत गेला आणि आम्ही पुन्हा सुटे झालो.

दरम्यान दशहरी आला. लखनौत जूनमध्ये कामं होतात ती आंब्याच्या मधल्या वेळात. आमच्या लू-रूमच्या बर्फाचा पहिला खरा उपयोग झाला तो आंबे गार करायला. रामदुलारीने बादलीत पाणी, वर बर्फ आणि त्यात मलिहाबादहून आलेले दशहरी सोडले. इथे दशहरी कापत नाहीत, चोखतात. साहेब एकदा सुरी मागायला लागले तर रामदुलारीने अशा नजरेने बघितलं की साहेबांनी मुकाट्याने आंबा हातात घेऊन पिळायला सुरुवात केली. कोपरापर्यंत रस ओघळलेला कर्नल आणि त्याच्याकडे बघून हसू दाबणारा हवालदार, दोघे एकाच बादलीत हात घालतायत. मी कोकणच्या हापूसची बाजू मांडून बघितली. माझं कुणी ऐकलं नाही, आणि पाचवा दशहरी खाताना माझाही आवाज जरा बसला होता.

त्या बादलीभोवती आम्ही एकमेकांचे हात बघितले. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण एरवी आम्ही एकमेकांचे खांदे बघतो. खांद्यावर काय आहे, किती तारे, किती फिती, त्यावरून ठरतं की कोण आधी बोलणार. आंबा खाताना कळलं की मिश्रांचं डावं मनगट जुन्या दुखापतीने वळत नाही. रामदुलारीच्या बोटांत जबरदस्त ताकद आहे. साहेबांना धीर म्हणून नाही, अर्धा आंबा झाला की दुसरा उचलतात. आणि जिन्सी सगळ्यांना आंबा देऊन झाल्यावर स्वतः घेते, पण एकदा घेतला की साल अगदी निगुतीने, शेवटपर्यंत सोडत नाही. हे कुठल्या सरावात कळलं नसतं. त्यानंतर मिश्रांची जागा आम्ही न बोलताच बदलली, त्यांचा उजवा हात वजनाखाली येईल अशी.

साहेबांनी एक नियम मात्र सरळ घालून दिला होता. रुग्णाला ज्याचा पहिला हात लागेल तो डोक्याशी उभा राहील, आणि डोक्याशी जो असेल त्याच्या शब्दावर बाकी सगळे हलतील. मग तो कुणी का असेना. मला नियम पटला, फक्त एक अडचण होती. येणारा रुग्ण बहुतेक वेळा दारात उतरवून घ्यायची जिन्सी. केरळची मुलगी, नुकतीच आलेली, हुशार, शिरेत सुई घालावी तर तिनेच. पण तिचा आवाज म्हणाल तर शेजारी उभं राहिलेल्यालाही पुन्हा विचारावं लागे. वर कूलरची घरघर. तिने काही सांगितलं की मिश्रा म्हणायचे जी मॅडम, साहेब म्हणायचे व्हॉट, आणि रामदुलारी म्हणायची ए बिटिया, कुछ खाया करो.

मी तिला जोरात बोलायला शिकवायचं मनावर घेतलं. व्हरांड्याच्या एका टोकाला तिला उभी करून मी दुसऱ्या टोकाला जायची. ती ओरडायची तेव्हा चिमण्याही उडत नसत. शेवटी मी वैतागून म्हटलं की उचलताना कूलर बंद करू. त्यावर सगळे माझ्यावर तुटून पडले, त्या उन्हात कूलर बंद म्हणजे आम्हीच टबात. मग जिन्सीने कुणाला न विचारता एक सुरू केलं. ती डोकं धरायची आणि बोलायचीच नाही. एकेकाकडे बघायची. मिश्रांकडे, साहेबांकडे, माझ्याकडे. ज्याची पकड बसली असेल तो तिच्याकडे बघायचा. ज्याची बसली नसेल तो आपल्या हाताकडे बघत असायचा. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे आले की ती मान हलवायची आणि म्हणायची, ‘चला.’

हा ‘चला’ माझा. मी दिवसभर उठता बसता चला, चला करत असते. तेवढी एक मराठी तिने उचलली होती. हळूच म्हणायची, पण तेव्हा सगळे तिच्या तोंडाकडेच बघत असायचे, त्यामुळे ऐकू यायची गरजच उरली नव्हती. मोजणं गेलं. एक गेला, तीन गेला. आचारी पाण्यात असा अलगद उतरू लागला की एकदा तिथेच त्याला डुलकी लागली. आणि मग बाकीचे सगळे, मला धरून, डोक्याशी असलो की तसंच करू लागलो. मी सुद्धा आधी एकेकाकडे बघू लागले. माझ्यासारखीला हे किती जड जातं ते अविनाशला विचारा.

सैन्यातल्या दवाखान्याची एक गंमत आहे. बाहेरच्या माणसांना वाटतं की तिथे सगळे वर्षानुवर्षं बरोबर असतील, म्हणून एकजूट असेल. अहो, तिथे कोण कुणाबरोबर राहतं? जरा हात जुळले की पोस्टिंग येते. मिश्रा आज डोंगरात कुठेतरी आहेत, साहेब निवृत्त होऊन चंदीगडला गेलेत, जिन्सीचा परवा फोन आला तो राजस्थानातून. ती आता स्वतः मेजर आहे. तिने सांगितलं की तिच्या वॉर्डातली राजस्थानी पोरंही उचलताना ‘चला’ म्हणतात आणि त्यांना वाटतं तो मल्याळम शब्द आहे. मी पोट धरून हसले. ओजसने विचारलं की क्या हुआ, तर मला धड सांगताही येईना.

ती दुपार जूनच्या शेवटाकडची. प्रशिक्षण केंद्रात नव्या जवानांची शपथेची परेड जवळ आली होती. रईस साहबांना दोन दिवस अंगात ताप होता आणि त्यांनी तो कुणाला सांगितला नव्हता. उस्तादाला ताप येतो हे पोरांना कळलं तर राहिलं काय, असा त्यांचा हिशेब असणार. ऊन चढेपर्यंत ते मैदानावर उभे राहिले, हुकूम देत. मग हुकूमच चुकायला लागले. बायें म्हणायच्या जागी दाहिने, मग भलतंच काही, आणि पोरं बिचारी भलत्या हुकुमावरही हलत राहिली. ते पडले तेव्हाच सगळ्यांना कळलं. गाडी आमच्या दारात आली, जिन्सी धावली, आणि तिचा हात त्यांच्या कपाळाला पहिला लागला.

मी त्यांना स्ट्रेचरवर बघितलं. अंग कोरडं, लालबुंद, डोळे अर्धवट, आणि तो आवाज, ज्याने टब हलला असता, तो पुटपुटत होता. आपल्या ओळखीचा माणूस असा येतो तेव्हा शिकलेलं सगळं क्षणभर कुठेतरी पळून जातं. माझ्या मनात एकच होतं, की हा माणूस जायला नको. आणि दुसरं असं की आम्हाला एकत्र उचलायला लावणारा एकच आवाज या छावणीत होता, आणि तो आज चादरीवर पडलाय.

टबात बर्फ पडला. कपडे कापून काढले. चादरीची टोकं हातात आली. ते आचाऱ्यापेक्षा कितीतरी जड होते आणि अंगाला झटके येऊ लागले होते, त्यामुळे पकड सुटत होती. साहेबांनी तापाचे आकडे बघितले होते, एकेक मिनिट त्यांना दिसत होतं. त्यांनी आपली बाजू उचलायला सुरुवात केली. मीही तोंड उघडलं होतं, ‘उठाओ’ म्हणून ओरडायलाच. तेवढ्यात जिन्सी, डोकं दोन्ही हातांत धरून, त्याच आपल्या आवाजात म्हणाली, “सर, अभी नहीं.”

कर्नल साहेब थांबले. हात तसेच, गुडघे वाकलेले, चेहरा घामाने निथळत असलेला, आणि ते थांबले. मी तोंड मिटलं. खोलीत कूलर सोडून कुणी बोलत नव्हतं. जिन्सी मिश्रांच्या हाताकडे बघत होती. चादरीचं टोक रईस साहबांच्या मांडीखाली अडकलं होतं आणि मिश्रा ते सोडवत होते. तसंच उचललं असतं तर ते त्या बाजूने घसरून टबाच्या कडेवर आदळले असते, मान वाकडी होऊन. मिश्रांनी टोक ओढून घेतलं आणि वर बघितलं. तिने एकेकाकडे बघितलं. शेवटी माझ्याकडे. मग मान हलवली.

एवढा मोठा माणूस पाण्यात गेला आणि एक थेंब बाहेर सांडला नाही, असं म्हटलं तर खोटं होईल, आम्ही सगळे भिजलो. पण ते सरळ उतरले. जिन्सीने डोकं पाण्याच्या वर धरून ठेवलं. रामदुलारी हाताने बर्फ ढवळत राहिली, बोटं बधिर झाली तरी तिने कुणाला जागा दिली नाही. साहेब ताप बघत होते, मिश्रा पाय चोळत होते, मी सलाईन आणि शुद्ध सांभाळत होते. बोलणं अगदी थोडं, लागेल तेवढं. मी माझ्या आयुष्यात इतका वेळ गप्प बसले नव्हते. मला त्या खोलीत पहिल्यांदा वाटलं की गप्प बसण्यातही आपण काहीतरी करत असतो. पारा हळूहळू उतरू लागला. अंगाचा लाल रंग ओसरला. मग पुन्हा जिन्सीने सगळ्यांकडे बघितलं आणि आम्ही त्यांना बाहेर काढलं. संध्याकाळच्या आत त्यांनी डोळे उघडले, छताकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा की पोरांना सावलीत नेलं का.

मिश्रा बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून आले. साहेबांनी खिडकीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसला. मी मात्र सगळ्यांसमोर, तिथेच रडले, मला असल्या बाबतीत आडपडदा जमत नाही. आणि जिन्सी शांतपणे टबातलं पाणी उपसायला लागली होती, कारण उन्हाळा काही संपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रईस साहबांची बायको आली. शाहीन नाव. बातमी कळल्यावर मलिहाबादच्या रस्त्याने भावाच्या मोटरसायकलवर बसून आलेली, ओढणीवर धूळ, डोळे सुजलेले. ती आधी नवऱ्याजवळ बसली. त्यांचा हात हातात घेऊन तापाचं लपवल्याबद्दल तिने त्यांना अशा गोड लखनवी शब्दांत फैलावर घेतलं की मला मराठीत कधी जमलं नसतं. रईस साहबांचा आवाज अजून परतला नव्हता, त्यामुळे त्यांना उत्तरही देता येईना. मग ती उठली, डोकं झाकून घेतलं आणि लू-रूममध्ये आमच्याकडे आली.

तिने कर्नल साहेबांना विचारलं की मैं शुक्रिया किसका अदा करूँ. साहेब म्हणाले, जिन्सीचं, तिने मला थांबवलं नसतं तर मी घात केला होता. शाहीन जिन्सीकडे वळली. जिन्सी लाजून म्हणाली की मी तर नुसती बघत होते, चादर हवालदार साहेबांनी सोडवली. मिश्रा म्हणाले, मांडीखाली अडकलीय हे मला थांबल्यामुळे दिसलं, आणि थांबले तर कर्नल साहेब. रामदुलारीला विचारलं तर ती म्हणाली की बर्फ था, हम तो बस हिलाते रहे. कुणी विनय म्हणून बोलत नव्हतं. जो तो जे घडलं तेच सांगत होता. शाहीन बिचारी एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे फिरत होती आणि शेवटी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी सगळ्यांत बोलकी, तिला वाटलं असणार की मी तरी एक नाव घेईन.

तिने मला विचारलं, “मॅडम, आप ही बता दीजिए. वो किसके हाथों में थे?”

मी खरंच आठवून बघितलं. पाण्यातला तो मोठा देह, त्याच्याखाली, बाजूला, मानेशी आमचे हात. बर्फाने सगळे सारखेच लाल झालेले, बधिर, पाण्यात कोपरापर्यंत बुडालेले. कुठला साहेबांचा, कुठला रामदुलारीचा, कुठला माझा, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं. तिने माझा हात घेतला, मग मिश्रांचा, मग साहेबांचा, जिन्सीचा, रामदुलारीचा, आणि एकेक करून डोळ्यांना लावत गेली.